विजेची गाडी घ्यावी का? आमच्या वहीतला हिशोब



गेल्या महिन्यात या सदरात आम्ही मुलांच्या शाळेच्या फीचा हिशोब मांडला होता. त्यावर जी पत्रे आली, त्यांतल्या तीन-चार पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न होता: "पेट्रोल परवडत नाही. विजेवरची गाडी घ्यावी का? एकदा तुमच्या वहीत मांडून दाखवा." योगायोग असा, की हाच प्रश्न या पावसाळ्यात आमच्या घरातही येऊन बसला होता. त्यामुळे दुसऱ्यांचा हिशोब करण्यापेक्षा आमचाच मांडतो. यात आकडे आहेत, थोडा वाद आहे आणि अम्मींच्या हजच्या पैशांचीही गोष्ट आहे.

प्रश्न कुठून सुरू झाला

आम्ही चिपळूणला राहतो. आमच्यापैकी एकीची शाळा गुहागर रस्त्यावर वीस किलोमीटरवर आहे आणि दुसऱ्याचे बाजारपेठेत छोटे दुकान आहे. शाळेचे जाणे-येणे रोज ४० किलोमीटर, महिन्याचे कामाचे दिवस २४, म्हणजे ९६० किलोमीटर. त्यात अम्मींना तपासणीला नेणे, दुकानाचा माल आणि नातेवाइकांकडे जाणे धरले की महिन्याला साधारण १,२५० किलोमीटर गाडी फिरते. गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवरची. नवी असताना लिटरला १८ किलोमीटर द्यायची, आता १५ देते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला सुमारे ८,७५० रुपये नुसते टाकीत जातात.

जून महिन्यात मेकॅनिकने इंजिन उघडले आणि ४५ हजारांचे काम सांगितले. घरी चर्चा सुरू झाली, की एवढे पैसे जुन्या गाडीत घालायचे की तेच नव्या गाडीला लावायचे? त्यात मुंब्र्याचे मेहुणे त्यांची नवी विजेवरची गाडी घेऊन आले आणि जेवताना म्हणाले, "किलोमीटरला एक रुपया. पेट्रोल पंपाचे तोंड विसरलो." मुलांना तर तेवढेच ऐकायचे होते.

किलोमीटरला एक रुपया खरा का?

मेहुणे चार दिवस राहिले. आम्ही त्यांची गाडी शाळेला नेली आणि रात्री आमच्या घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावली. मध्ये एक छोटा मीटर बसवला होता. चार दिवसांत गाडी २१२ किलोमीटर चालली आणि मीटरने ३६ युनिट दाखवले. म्हणजे युनिटला सहा किलोमीटरपेक्षा किंचित कमी. गाडीच्या पडद्यावर आकडा याहून चांगला दिसत होता, पण बिल पडद्याचे येत नाही, मीटरचे येते. भिंतीतून निघालेली वीज सगळी बॅटरीत पोचत नाही, थोडी उष्णतेत जाते. म्हणून हिशोब करताना नेहमी मीटरचा आकडा धरावा.

आता दर. इथे बरेच जण चुकतात. आपल्या घरचे बिल टप्प्यांत लागते. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग. गाडीची युनिटे ही घरच्या युनिटांच्या वर जाऊन बसतात, म्हणजे गाडीला स्वस्त टप्पा मिळतच नाही. तो आधीच फ्रिज, पंखे आणि पाण्याच्या पंपाने खाल्लेला असतो.

आमचे घर महिन्याला १६० युनिटे वापरते. १,२५० किलोमीटरला सहाने भागले की २०८ युनिटे होतात. त्यांतली १४० युनिटे दुसऱ्या टप्प्यात बसतात, तिथे वहन आकार धरून ठोकळमानाने ११ रुपये पडतात. उरलेली ६८ युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातात, तिथे साडेपंधरा धरले. मिळून २,५९४ रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. एकूण तीन हजारांच्या घरात. म्हणजे किलोमीटरला सुमारे दोन रुपये चाळीस पैसे. मेहुण्यांचा एक रुपया आमच्या घरी अडीच रुपयांच्या जवळ गेला.

तरीही तो पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आमच्या जुन्या गाडीला किलोमीटरला सात रुपये लागतात. नवी पेट्रोल गाडी १८ चे ॲव्हरेज देईल असे धरले, तरी पाच रुपये ऐंशी पैसे लागतील.

ज्यांचे घरचे बिल आधीच ३०० युनिटांच्या आसपास आहे, त्यांनी मात्र जास्त काळजीने पाहावे. त्यांची गाडीची सगळी युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातील. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते आणि तिचा दर वेगळ्या वर्गात धरला जातो. वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन तो दर, स्थिर आकारासह, कागदावर लिहून घ्यावा. स्वतःचे छप्पर असेल तर सौर पॅनेलचाही विचार करावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. कोकणात मात्र पावसाळ्याचे चार महिने पॅनेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

फरक किती वर्षांत वसूल होतो

दुसरी रात्र आम्ही या हिशोबात घालवली. आमच्या वापराला पुरेल अशी छोटी विजेची गाडी रस्त्यावर येईपर्यंत सुमारे ११ लाखांना पडते. तेवढ्याच सोयींची पेट्रोल गाडी ८ लाखांच्या आसपास. फरक तीन लाखांचा.

पूर्वी करांमुळे हा फरक थोडा भरून निघायचा. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. त्यामुळे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींमधले अंतर वाढले. दुसऱ्या बाजूला आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर लागतो, तो विजेच्या गाडीला सध्या माफ आहे. थर्ड पार्टी विम्यातही १५ टक्के सवलत आहे. वरच्या ११ आणि ८ लाखांत हे सगळे धरलेले आहे.

आता बचत. नव्या पेट्रोल गाडीला महिन्याला ७,२९० रुपये, विजेच्या गाडीला ३,०००. महिन्याला ४,२९० आणि वर्षाला साडेएकावन्न हजार. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. म्हणून सर्व्हिसिंगचे वर्षाला आणखी तीन-चार हजार वाचतील असे धरले. एकूण ५५ हजार. तीन लाखांना ५५ हजारांनी भागले की साडेपाच वर्षे.

बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. साडेपाच वर्षे म्हणजे त्या हमीच्या आत. त्यामुळे आमच्याएवढे फिरणे असेल आणि नवी गाडी घ्यायचीच असेल, तर विजेची गाडी पैशाच्या दृष्टीने शहाणपणाची ठरू शकते.

पण महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणे असेल तर? तेव्हा इंधनातली बचत १,८५० रुपये होते. सर्व्हिसिंग धरून वर्षाला २६ हजारांच्या आसपास. तीन लाख वसूल व्हायला साडेअकरा वर्षे लागतात आणि बॅटरीची हमी त्याआधीच संपलेली असते. जुम्म्याला, बाजाराला आणि ईदला गाडी काढणाऱ्या घराने केवळ बचतीसाठी विजेची गाडी घेऊ नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. "नवी घ्यायची तर कोणती?" हा एक प्रश्न आणि "चालती गाडी विकून विजेची घ्यावी का?" हा दुसरा. शोरूममध्ये या दोन प्रश्नांची सरमिसळ होते. आमच्या जुन्या गाडीचे सव्वा लाख येतील. म्हणजे विजेच्या गाडीसाठी खिशातून पावणेदहा लाख जाणार. जुन्या गाडीच्या तुलनेत सगळी बचत धरली तरी वर्षाला ७५-८० हजार. पावणेदहा लाख वसूल व्हायला बारा वर्षे. चालती गाडी केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी विकणे हा आमच्या वहीप्रमाणे तोट्याचा सौदा आहे. गाडी बदलायची वेळ खरोखर आली असेल, तेव्हाच हा विचार करावा.

मुंब्र्याचा प्रवास

मेहुण्यांच्या घरी निकाह होता म्हणून आम्ही सगळे त्यांच्याच गाडीतून निघालो. चिपळूण ते मुंब्रा सुमारे २४० किलोमीटर. कंपनीच्या कागदावर गाडी ३१५ किलोमीटर जाते. प्रत्यक्षात पाच माणसे, डिकीत सामान, पाऊस, एसी आणि कशेडीचा चढ धरून ती १९०-२०० जाते. म्हणजे वाटेत एकदा थांबणे आले.

माणगावच्या अलीकडे पहिल्या ठिकाणी मशीन बंद होते, मोबाइलवर मात्र चालू दाखवत होते. दुसऱ्या ठिकाणी आमच्या पुढे एक गाडी लागलेली होती. सगळे धरून पावणेदोन तास गेले. अम्मींना साखरेचा त्रास आहे, जेवणाची वेळ चुकवता येत नाही. बरोबर डबा होता म्हणून निभावले. ढाब्यामागच्या पत्र्याखाली शाल अंथरून त्यांनी जोहर अदा केली आणि उठताना एवढेच म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. पण ती आपल्याला थांबवते, आपण तिला नाही."

तिथे १४ युनिटे भरली आणि युनिटला २४ रुपयांप्रमाणे ३३६ रुपये दिले. रस्त्यावरची वीज घरच्या विजेपेक्षा महाग असते, किलोमीटरला चार रुपयांच्या जवळ जाते. ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही आणि कायम बाहेरच भरावे लागणार आहे, त्यांची बचत जवळजवळ निम्म्यावर येते. चाळीत, किंवा पार्किंग ठरलेले नाही अशा इमारतीत राहणाऱ्यांनी गाडी पाहण्याआधी सॉकेट कुठे बसेल ते पाहावे. सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नयेत.

एक गोष्ट गाडीच्या बाजूचीही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. जे या रस्त्यांवरून वारंवार जातात, त्यांनी ती रक्कम आपल्या हिशोबात जरूर धरावी. आमच्या रोजच्या रस्त्यावर तिचा उपयोग नाही.

पावसाळा आणि पूर

त्या चार दिवसांत एका रात्री अकराला वीज गेली ती पहाटे चारला आली. सकाळी गाडीत ५८ टक्के चार्ज होता. शाळेचे ४० किलोमीटर त्यात आरामात झाले. खरे तर रोजच्या एवढ्या फिरण्याला सात युनिटेच लागतात, ती अडीच-तीन तासांत भरतात. त्यामुळे वीज जाण्याची भीती वाटते तेवढी मोठी नाही. मात्र दोन दिवस वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पुराची गोष्ट वेगळी आहे. २२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणमधले कोणीही विसरलेले नाही. आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या छपरापर्यंत पाणी होते. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला आयपी-६७ असा दर्जा सांगतात. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. रात्रभर गाळाच्या पाण्यात उभी राहिलेल्या गाडीला ते वचन लागू होत नाही. आणि विजेच्या गाडीत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग. म्हणून नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी विम्याच्या कागदात बॅटरी, चार्जर आणि पाण्याचे नुकसान हे तिन्ही शब्द शोधावेत. तोंडी "सगळे कव्हर आहे" यावर विश्वास ठेवू नये. पुराचे पाणी लागलेली गाडी स्वतः चालू करू नये, चार्जिंगलाही लावू नये.

अम्मींचे पैसे

आता मुद्द्याचे. आमच्याकडे साडेसहा लाख साठलेले आहेत. जुन्या गाडीचे सव्वा लाख धरले तर पावणेआठ. ११ लाखांना सव्वातीन लाख कमी पडत होते.

शोरूमच्या मुलाने लगेच कागद काढला. सव्वातीन लाखांचे कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षे, हप्ता ६,७५० रुपयांच्या आसपास. "पेट्रोलच्या बचतीतून हप्ता निघतो," तो म्हणाला. व्याज हराम आहे, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. पण नुसते आकडे पाहिले तरी त्या कर्जावर ८० हजारांच्या घरात व्याज जाते. म्हणजे दीड वर्षाची इंधनाची बचत बँकेला. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला आयकरात जी सवलत होती, तीही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आजही कोणी ती सवलत सांगत असेल तर ऐकू नका. काही कंपन्या बॅटरी वेगळी काढून किलोमीटरमागे भाडे घेतात. गाडी स्वस्त दिसते, पण साडेतीन रुपये भाडे आणि अडीच रुपये वीज मिळून खर्च पुन्हा पेट्रोलएवढाच होतो. शिवाय त्या कागदावर खरोखर भाडेच लिहिले आहे की कर्ज, हे नीट वाचून, जाणकाराला विचारूनच सही करावी.

हे सगळे अम्मी ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांनी आम्हा दोघांना बोलावले. त्यांच्या हजसाठी आम्ही भावंडांनी मिळून चार लाख बाजूला ठेवले आहेत. त्या म्हणाल्या, "ते घ्या. कर्जे-हसना समजा. रोज एवढा रस्ता कापता, मला बरे वाटेल. हजला पुढच्या वर्षी जाईन."

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मोह झाला, हे खोटे सांगत नाही. बिनव्याजी पैसे घरातच होते आणि देणारीही खुशीने देत होती. पण त्या ७१ वर्षांच्या आहेत. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे कसे असतील, ते अल्लाहलाच माहीत. गाडीचा हिशोब साडेपाच वर्षांनी जमतो. अम्मींच्या हजचा हिशोब असा पुढे ढकलता येत नाही.

आम्ही काय ठरवले

नवी पेट्रोल गाडी आम्हाला जवळजवळ रोखीने घेता आली असती. पण सगळी साठवण एका गाडीत रिकामी करून घरात दवाखान्यापुरतेही पैसे न ठेवणे आम्हाला पटले नाही. शिवाय मग पुढची दहा वर्षे पेट्रोलशी गाठ.

म्हणून ४५ हजार खर्चून जुनी गाडी दुरुस्त केली. मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे ती आणखी अडीच-तीन वर्षे चालेल, इन्शाअल्लाह. जो हप्ता बँकेला द्यायचा होता तो आम्ही स्वतःलाच द्यायचे ठरवले. त्यात थोडी भर घालून महिन्याला १२ हजार. अडीच वर्षांत ३ लाख ६० हजार. साठवलेल्या रकमेवर वर्षाला अडीच टक्के जकात निघते. साडेसहा लाखांवर ती १६ हजार २५० होते, तीही वहीत वेगळी लिहिली आहे. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नसते, म्हणून ती वाचवायला गाडी घ्या असे सुचवणारेही भेटले. त्यांना आम्ही हसून चहा पाजला.

घराचे वायरिंग या दिवाळीच्या सुट्टीत नाहीतरी करायचेच आहे. तेव्हा गाडी उभी राहते तिथपर्यंत वेगळी तार, वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग करून ठेवू. अम्मींचा हजचा अर्ज भरायच्या तयारीत आहोत. दुआ करा.

तुमच्या वहीसाठी

तुमचा निर्णय आमच्यापेक्षा वेगळा असू शकतो. ज्यांचे फिरणे रोज साठ-सत्तर किलोमीटरचे आहे, घरी सॉकेट आहे, जुनी गाडी खरोखर संपली आहे आणि पैसे रोख आहेत, त्यांनी विजेची गाडी जरूर पाहावी. त्याआधी एक महिना या पाच गोष्टी लिहा:

१. महिन्याला खरे किलोमीटर किती. अंदाजाने नाही, मीटर पाहून.
२. घरच्या वीजबिलात युनिटे किती आणि त्यांवर गाडीची युनिटे कोणत्या टप्प्यात पडतील.
३. रात्री गाडी कुठे उभी राहते आणि तिथे वीज नेण्याची लेखी परवानगी आहे का.
४. वर्षातून लांबचे प्रवास किती आणि त्या वाटेवर चालू असलेली मशीन किती. गाडी घेण्याआधी एकदा त्या वाटेने जाऊन स्वतः पाहा.
५. पैसे कुठून येणार, आणि त्या पैशांचे आधी दुसरे काही काम ठरलेले होते का.

पहिले चार आकडे कोणीही काढून देईल. पाचवा प्रश्न मात्र घरातल्या सगळ्यांनी, वडीलधाऱ्यांसह, एकत्र बसून सोडवावा.

तुमचे महिन्याचे आकडे आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, घरच्या छपरावरच्या सौर पॅनेलचा हिशोब मांडू. त्याची तर आमच्या घरी आत्ताच चर्चा सुरू झाली आहे. अल्लाह हाफिज.